जुने कोश घरात का ठेवायचे?



मराठीतला सगळ्यात नावाजलेला जुना शब्दकोश एका फौजी माणसाने केला. सुरुवात इथूनच करतो, म्हणजे या विषयावर बोलायचा मला थोडा तरी हक्क मिळेल. जेम्स मोल्सवर्थ हा ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेतला अधिकारी. त्याचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली छापला गेला आणि वाढवलेली दुसरी आवृत्ती १८५७ मध्ये आली, साठेक हजार शब्दांची. त्याच्या जोडीला थॉमस आणि जॉर्ज कँडी हे भाऊ होते. त्यातला थॉमस म्हणजे मराठी शाळामास्तरांचे मेजर कँडीसाहेब, तोही फौजीच. मराठीत स्वल्पविराम, पूर्णविराम रुळवण्यात या मेजरसाहेबांचा मोठा हात. अर्थात नाव साहेबांचं झालं, तरी शब्द गोळा करण्याची उठाठेव त्यांच्या हाताखालच्या शास्त्री मंडळींनी केली, हेही इथेच सांगून टाकतो. पुढे १८८६ साली हिंदुस्थानातल्या इंग्रजी बोलीचा 'हॉब्सन-जॉब्सन' नावाचा कोश निघाला. त्याच्या दोन कर्त्यांपैकी हेन्री यूल हा बंगाल इंजिनिअर्सचा कर्नल.

फौजी माणसं कोशाच्या नादी का लागतात? मला वाटतं, छावणीत संध्याकाळी वेळ असतो हे एक. दुसरं म्हणजे ज्याला अनोळखी मुलखात हुकूम द्यायचे आणि अर्ज वाचायचे असतात, त्याला एका शब्दाचा चुकीचा अर्थ महागात पडतो. शब्द ही त्याच्यासाठी कामाची वस्तू असते.

माझ्या नोकरीत दर दोन-तीन वर्षांनी बदली. जोरहाट, पठाणकोट, बेळगाव, सिकंदराबाद, शेवटी जबलपूर. काळ्या ट्रंका, त्यांवर पांढऱ्या रंगात नाव आणि नंबर. एका ट्रंकेत दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाचे सात विभाग. दर बदलीला आमच्या सौभाग्यवती विचारायच्या, "ही विटांची पेटी याही वेळी न्यायची?" आणि दर वेळी ती जायची. मुलांची शाळा हिंदी-इंग्रजीत, शेजार पंजाबी नाहीतर तमिळ. घरातलं मराठी म्हणजे आम्ही दोघं, आजीची पत्रं आणि ही पेटी. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या तुमच्यापैकी अनेकांना हे वेगळं सांगायला नको. पत्रात आजीने 'शिळोप्याच्या गप्पा' असं लिहिलं की मुलगी कोश काढून जमिनीवर फतकल मारून बसायची. शिळोपा सापडायचा, आणि त्याच्या आधीचे-नंतरचे दहा शब्द फुकट मिळायचे.

पण हे झालं प्रेमाचं. प्रेमाखातर कुणी पाच-सहा फूट लांबीची फळी अडवून ठेवावी असं मी म्हणणार नाही. माझं कारण वेगळं आहे, आणि ते नकाशावरून समजावतो.

भारतीय सर्वेक्षण विभागाचा नकाशा उघडा. त्याच्या समासात पाहणी कोणत्या वर्षी झाली, आवृत्ती कितवी, हे छापलेलं असतं. आणखी एक गोष्ट असते. होकायंत्राची सुई खऱ्या उत्तरेला तंतोतंत दाखवत नाही, थोडी बाजूला दाखवते, आणि ते अंतर दरवर्षी थोडं थोडं बदलतं. नकाशावर लिहिलेलं असतं की अमुक साली फरक इतका होता आणि तो वर्षाला इतका बदलतो. म्हणून तीस वर्षांपूर्वीचा नकाशा हातात आला तरी आम्ही तो फेकत नसू. वर्षं मोजायची, हिशेब करायचा, चालायला लागायचं. आसामात नदी पात्र बदलते. नकाशात नदी इथे, डोळ्यांसमोर तिथे. पण नकाशावर साल आहे, म्हणून तुम्हाला कळतं की नकाशा खोटा नाही, नदी हलली आहे. साल नसेल, तर नकाशा चुकला की तुम्ही रस्ता चुकलात, हे कळायला मार्ग नाही.

जुना छापील कोश माझ्या लेखी असा नकाशा आहे. त्यात चुका असतात, भरपूर असतात. पण त्या चुकांवर तारीख असते आणि बहुधा नावही असतं. तारीख असलेली चूक दुरुस्त करून वापरता येते.

केतकरांचा ज्ञानकोश घ्या. डॉक्टर श्रीधर व्यंकटेश केतकर जन्मले १८८४ साली रायपूरला. ते रायपूर तेव्हा मध्य प्रांतात, नंतर मध्य प्रदेशात, आणि २००० सालापासून छत्तीसगडात. म्हणजे माणसाचं जन्मगाव जागचं हललं नाही, राज्यं तीन झाली. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात डॉक्टरेट, जातिसंस्थेच्या इतिहासावर १९०९ साली इंग्रजी पुस्तक, कलकत्ता विद्यापीठात अध्यापन. आणि मग या माणसाने ठरवलं काय, तर मराठीत ज्ञानकोश काढायचा. सरकार नाही, संस्थानिक नाही. नागपुरात मर्यादित कंपनी काढली, लोकांना भाग विकले, आगाऊ वर्गणीदार गोळा केले. पुढे काम पुण्याला हललं आणि १९२० च्या दशकात तेवीस खंड छापून निघाले. त्यात 'अ'पासूनचे लेख कुठे सुरू होतात माहीत आहे? सहाव्या खंडात! पहिले पाच खंड नुसती प्रस्तावना, त्यात हिंदुस्थान आणि जग आलं, वेदविद्या आली, बुद्धाच्या आधीचं आणि नंतरचं जग आलं, विज्ञानाचा इतिहास आला. वर्गणीदारांनी काय म्हटलं असेल याची मी कल्पना करतो. आपण पैसे भरलेत 'अ'साठी, आणि साहेब अजून वेदांत आहेत. पण त्याच पाच खंडांत केतकर स्वतः काय विचार करत होते ते दिसतं. ते मतं लपवत नाहीत. कुठे पटतात, कुठे अजिबात पटत नाहीत, पण कोण बोलतंय हे तुम्हाला प्रत्येक पानावर ठाऊक असतं. हा माणूस १९३७ मध्ये वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी गेला. त्यांच्या पत्नी शीलवतीबाई मूळच्या एडिथ कोन. विंटरनित्झचा भारतीय वाङ्मयाचा जर्मन इतिहास इंग्रजीत आणायला त्यांनी हात घातला होता, आणि त्याचा पहिला खंड १९२७ मध्ये कलकत्ता विद्यापीठाने काढला. या घरावर वेगळं भाषण व्हायला हवं, आज नको.

एक गंमत सांगतो. प्लूटो सापडला १९३० मध्ये. केतकरांचे खंड त्याच्या आधी पुरे झालेले, त्यामुळे त्यांच्या सूर्यमालेत प्लूटो असणं शक्यच नाही. आम्ही शाळेत नऊ ग्रह घोकले. २००६ साली खगोलशास्त्रज्ञांनी प्लूटोला ग्रहांच्या रांगेतून काढला आणि नातवाच्या पुस्तकात पुन्हा आठ झाले. तीन पुस्तकं शेजारी ठेवली की ज्ञान पुढे कसं जातं, आणि कधी वळण घेऊन मागे कसं येतं, हे दहा वर्षांच्या मुलालाही दिसतं. फोनवर त्याला फक्त आठ दिसतात. उत्तर बरोबर आहे. पण मधला सगळा प्रवास पुसलेला.

पुसण्यावरून सोव्हिएत रशियातली गोष्ट आठवली, आणि ही मला फार महत्त्वाची वाटते. त्यांच्या मोठ्या विश्वकोशाच्या दुसऱ्या आवृत्तीत बेरिया नावाच्या माणसावर भला मोठा लेख होता. बेरिया म्हणजे स्टालिनच्या गुप्त पोलिसांचा प्रमुख. १९५३ मध्ये स्टालिन गेला, त्याच वर्षी बेरियालाही पकडून संपवलं. आता छापलेल्या लेखाचं काय करायचं? वर्गणीदारांना टपालाने नवी पानं गेली, बेरिंग समुद्र वगैरे विषयांवरची, आणि सूचना गेली की जुनी पानं कापून त्या जागी ही चिकटवा. इतकं बलाढ्य सरकार, पण एक लेख घालवायला त्याला घरोघरच्या कात्रीवर अवलंबून राहावं लागलं. जिथे कात्री चालली तिथेही कापल्याची खूण राहिली. जिथे चालली नाही, तिथे लेख आजही आहे. म्हणून तर आपल्याला ही गोष्ट माहीत आहे.

आता कुणी म्हणेल, कर्नलसाहेब, विकिपीडियावर सुद्धा प्रत्येक बदलाची नोंद असते. असते, आणि ती फार चांगली सोय आहे. मी स्वतः ती कळ दाबून बघतो. तुम्ही शेवटची कधी दाबली होती? आणि अलीकडे तर फोनला प्रश्न विचारला की तो थेट उत्तरच देतो, गोड भाषेत, ठाम आवाजात. ते कोणी लिहिलं, कोणत्या साली, कशावरून, काही पत्ता नाही. फौजेत अशी बातमी कुणी आणली, तर पहिला प्रश्न असतो, तुला कोणी सांगितलं आणि केव्हा?

याचा परिणाम घरापर्यंत कसा येतो ते सांगतो. माझ्या एका मित्राचं घराणं चार पिढ्या ग्वाल्हेरला. मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यात, तिथे आता कुणी राहत नाही. दोन वर्षांपूर्वी गावाहून निरोप आला की तुमच्या वाट्याची जमीन काही कामाची नाही, सही करून टाका, थोडे पैसे देतो. कागदावर शब्द होता 'वरकस'. मित्राच्या पुतण्याने फोनला विचारलं, उत्तर आलं, पडीक. सगळे सही करायला तयार. मग त्या मुलालाच काय वाटलं कोण जाणे, त्याने मला फोन केला. "काका, तुमच्या त्या जाड्या पुस्तकात बघता का जरा?" बघितलं. वरकस म्हणजे डोंगरउताराची हलकी जमीन, भाताच्या उपयोगाची नाही, पण नाचणी-वरीसारखी धान्यं पिकवायची. म्हणजे पिकवायची जमीन, पडीक नव्हे. आणि कोकणात अशा उतारांवर आज काय उभं असतं हे कोकणी माणसाला विचारा. पुतण्या रजा काढून गावी गेला. त्या 'काही कामाच्या नसलेल्या' जमिनीत दुसऱ्याच कुणाची आंब्या-काजूची कलमं उभी होती. सही थांबली. पुढचं प्रकरण अजून चालू आहे, त्यावर मी बोलणार नाही. पण एका शब्दापाशी चार पिढ्यांची जमीन अडली होती, एवढं खरं.

असे शब्द जुन्या कोशांतच भेटतात, कारण ते कोश करणाऱ्यांनी शेत, पागा, चावडी, स्वयंपाकघर सगळीकडून शब्द उचलले. शिलेदार आणि बारगीर यांतला फरक किती जणांना ठाऊक आहे? शिलेदाराचा घोडा स्वतःचा, बारगिराचा सरकारी. इतिहासाची अर्धी भांडणं या एका फरकाने सुटतील.

जुनं ते सगळं सोनं असं मात्र समजू नका. एनसायक्लोपीडिया ब्रिटानिकाची १९११ ची एकोणतीस खंडांची अकरावी आवृत्ती विद्वान लोक डोक्यावर घेतात, आणि गद्य खरंच देखणं आहे. पण आफ्रिकेबद्दल, आपल्याबद्दल त्यात जे लिहिलंय ते वाचून रक्त तापतं. तापू द्या. साम्राज्याचा माणूस मनात काय धरून होता याचा तो सहीशिक्क्याचा पुरावा आहे. औषधाचा डोस आणि कायद्याचं कलम मात्र जुन्या ग्रंथात कधीही बघू नका. तिथे फोनच बरा, त्याहून डॉक्टर आणि वकील बरे.

ब्रिटानिकाने २०१२ मध्ये छपाई बंद करत असल्याचं जाहीर केलं, दोनशे चव्वेचाळीस वर्षांनंतर. आपल्याकडचं चित्र थोडं वेगळं आहे. वाईला कृष्णाकाठी तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी सुरू केलेला मराठी विश्वकोश, १९७६ मध्ये पहिला खंड, आणि विसावा निघाला २०१५ मध्ये. संगणक घराघरांत आले तरी ते छापत राहिले. आज विश्वकोश, केतकर, मोल्सवर्थ, दाते-कर्वे हे सगळं इंटरनेटवर फुकट उपलब्ध आहे, आणि परदेशातल्या मराठी मुलांसाठी हा मोठाच आधार आहे. जरूर वापरा. माझं म्हणणं इतकंच की पडद्यावर आलं म्हणून कागद रद्दीत घालू नका.

कारण तो जातोय. इंदूर, बडोदा, हैदराबाद, नागपूर, जुन्या मराठी वाड्यांचे फ्लॅट होताहेत आणि कोश किलोवर विकले जाताहेत. विकणाऱ्यांवर माझा राग नाही. दोन खोल्यांच्या घरात तेवीस खंड कुठे ठेवणार? पण रद्दीवाल्याआधी तीन फोन करा: गावच्या मराठी ग्रंथालयाला, जवळच्या महाराष्ट्र मंडळाला, आणि एखाद्या मराठी शिकवणाऱ्या प्राध्यापकाला. कुणीच घेतलं नाही तर निदान शब्दकोश तेवढा ठेवा, बाकीचं जाऊ द्या.

ठेवायचं कसं, हेही विचारतात. बाहेरच्या ओल धरणाऱ्या भिंतीला कपाट टेकवू नका. वाळवी भिंतीतूनच येते. खंड उभे ठेवा, पण कोंबू नका. काढताना पुठ्ठ्याच्या टोकाला बोट घालून ओढू नका, तिथेच बांधणी फाटते. दोन्ही बाजूंचे खंड जरा मागे ढकला आणि मधला कमरेत धरून काढा. पावसाळा संपला की सावलीत उघडून वारा द्या, उन्हात नको. आणि वर्षातून चार वेळा तरी वापरा. वापरात असलेल्या पुस्तकाला कसर कमी लागते, हा माझा अनुभव आहे.

जाता जाता एक स्वार्थाचं काम. माझा केतकरांचा संच मी वीस वर्षांत सुटा सुटा जमवला आहे, निरनिराळ्या गावच्या जुन्या बाजारांतून. अकरावा आणि सतरावा खंड अजून मिळालेला नाही. तुमच्यापैकी कुणाकडे हे दोन सुटे पडून असतील तर या कार्यक्रमाच्या आयोजकांना कळवा. पुठ्ठा फाटका असला तरी चालेल, पानं पूर्ण हवीत. न्यायला मी स्वतः येईन.