माझा घोटा आणि आपल्या चार पायऱ्या
(ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर केलेल्या भाषणाचा मजकूर)



सचिव म्हणाले होते, "काका, बँकेतले अनुभव सांगा." पण बँकेचं पुष्कळ सांगून झालंय. आज मी माझ्या डाव्या घोट्याबद्दल बोलणार आहे. शेवटी एक मागणी आहे, तेव्हा मध्येच उठू नका.

गेल्या वर्षी नातवाने इलेक्ट्रिक सायकल घेतली. 250 वॅटपर्यंतची मोटर आणि ताशी 25 किलोमीटरची मर्यादा असेल, तर अशा सायकलीला लायसन्स लागत नाही, नंबरप्लेटही नाही. म्हणून मी तिला सायकलच समजलो. चूक तिथेच झाली. दूध घेऊन गेटमधून वळताना जुन्या सवयीने पॅडल मारलं आणि मोटरने आपला धक्का दिला. खाली बांधकामाची वाळू होती. चाक घसरलं, मी पाय टेकवला, पाऊल तिथेच राहिलं आणि मी फिरलो. वर वीस-बावीस किलोची सायकल! पाहिलं तर पाऊल नडगीच्या रेषेतच नव्हतं.

माणसं जमली. एक जण म्हणाला, "मुरगळलाय, ओढून सरळ करू." दुसऱ्याने तेलाची बाटली आणली, तिसऱ्याने चहा. सी विंगमधल्या नर्सताई धावत आल्या म्हणून वाचलो. त्यांनी ओढू दिलं नाही, चोळू दिलं नाही. लागलीच भूल द्यावी लागेल म्हणून चहाही परत पाठवला. बूट अलगद काढला, बोटं गरम आहेत ना ते पाहिलं, पाय उशीत ठेवून ओढणीने बांधला आणि रिक्षाऐवजी अॅम्ब्युलन्स बोलावली.

पुढे अंथरुणात वाचलं. पर्सिव्हल पॉट नावाचा इंग्रज सर्जन 1756 साली लंडनमध्ये घोड्यावरून पडला. हाड मोडून कातडीबाहेर आलं. त्याने कोणाला उचलू दिलं नाही. थंडीत रस्त्यावर पडून राहिला, एक दार विकत आणवलं आणि त्यावर झोपून घरी गेला. पाय कापायची तयारी झाली होती, पण पाय वाचला. घोट्याच्या एका प्रकारच्या फ्रॅक्चरला आजही त्याचं नाव आहे. आमच्या नर्सताईंनी उशी आणि ओढणीत तेच केलं.

हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी कागदावर चित्र काढलं. नडगी आणि तिच्या शेजारचं बारीक हाड मिळून एक खाच तयार होते, तिच्यात पावलाचं हाड बसतं. माझी ती खाच तिन्ही बाजूंनी मोडली होती आणि सांधाही निखळला होता. त्याच रात्री भूल देऊन सांधा जागेवर बसवला, कारण वाकड्या हाडावर ताणलेली कातडी तासातासाने मरत असते. मग बाहेरून सळ्या लावल्या आणि सांगितलं, "प्लेट-स्क्रूचं ऑपरेशन आठ-दहा दिवसांनी."

इथे माझ्यातला बँकवाला जागा झाला. आज का नाही? खोलीभाडं वाढवायचं असेल! मी मुलाला तसं बोललोही, आणि डॉक्टरांनी ते ऐकलं. ते रागावले नाहीत. म्हणाले, "काका, घोट्यावर मांस नसतं, नुसती कातडी. सुजेवर चिरलं तर जखम मिटणार नाही, त्यात तुम्हाला शुगर. प्लेट उघडी पडली तर पाय धोक्यात. कातडीवर सुरकुत्या दिसू लागल्या की ऑपरेशन." दहाव्या दिवशी सुरकुत्या दिसल्या. आयुष्यात पहिल्यांदा सुरकुत्या पाहून आनंद झाला! त्यांची मी नंतर माफी मागितली.

ऑपरेशन नेमकं का लागतं, तेही विचारलं. 1976 साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पावलाचं हाड खाचेत फक्त एक मिलिमीटर बाहेरच्या बाजूला सरकलं, तर सांध्याचा एकमेकांना टेकणारा भाग सरासरी 42 टक्क्यांनी कमी होतो. म्हणजे तेवढाच भार निम्म्याच्या थोड्या जास्त जागेवर. सांधा झिजणारच. ताळेबंदात एक पैसा चुकला तरी रात्रभर बसणाऱ्याला हे लगेच पटलं.

नंतरचं खरं काम माझं होतं. साधारण सहा आठवडे पाय टेकायचा नसतो. शुगरमुळे मला दहा सांगितले. रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून पोटात इंजेक्शनं, शुगरवर नजर, पाय उशीवर उंच. सातव्या आठवड्यात दुखणं थांबलं आणि मोह झाला, दोन पावलं टाकून बघू. आमच्या सौ.ने वॉकर धरून ठेवला. म्हणाली, "मुदत ठेव मध्येच मोडू नका, हे तुम्हीच लोकांना सांगायचात ना?" गप्प बसलो. हाडाचीही मुदत असते. नंतर चार महिने फिजिओथेरपी केली. आज काठीशिवाय चालतो, जिना उतरताना मात्र कठडा धरतो.

नातू बरेच दिवस तोंड चुकवत होता. त्याला सांगितलं, बाळा, सायकल तुझी होती, घाई माझी होती. तुम्ही मुलांनी ती जरूर चालवा. हेल्मेट घाला, वळणाआधी पॅडल थांबवा आणि ब्रेकवर बोटं ठेवा.

आता मागणी. त्या दहा आठवड्यांत मी फक्त ड्रेसिंग आणि एक्स-रेला खाली उतरलो. लिफ्ट आहे, पण लिफ्ट आणि रस्ता यांच्यामध्ये चार पायऱ्या आहेत. दर वेळी चार तरुण मुलांनी मला प्लास्टिकच्या खुर्चीत उचलून नेलं. त्यांचे उपकार आहेत. पण खुर्चीत लटकताना मला एक जुनी सभा आठवायची. मी खजिनदार होतो. बी विंगमधल्या एका वहिनींनी सासूबाईंच्या व्हीलचेअरसाठी रॅम्प मागितला होता. मी उभा राहून म्हणालो, "एका घरासाठी पार्किंगची जागा घालवणं परवडणार नाही." टाळ्याही मिळाल्या. त्या आजी पुढे दोन वर्षं घरातच राहिल्या. त्या आज नाहीत. वहिनी समोर बसल्या आहेत. वहिनी, माझं चुकलं.

हिशोब मी करून आणलाय. चार पायऱ्या म्हणजे दोन फूट उंची. एकास बारा उतार धरला तर चोवीस फूट रॅम्प लागेल, मध्ये एक वळण दिलं की बसतो. पार्किंगची एक जागा जाईल. ती माझी घ्या. रौप्य महोत्सवी वर्षात कमान उभारू, रोषणाई करू, पण आधी रॅम्प होऊ द्या. आपण सगळे पंचवीस वर्षांनी मोठे झालो आहोत. पुढची खुर्ची कोणाची, ते सांगता येत नाही.