एक ‘ऑल्दो’, नको ‘बट’

‘चहा फार गरम होता, पण तिने तो पटकन प्यायला.’ हेच इंग्रजीत सांगू: ‘द टी वॉज व्हेरी हॉट, बट शी ड्रँक इट क्विकली.’

इथे ‘हॉट’ हे विशेषण चहाचा गुण सांगतं. ‘व्हेरी’ आणि ‘क्विकली’ ही क्रियाविशेषणं. पहिलं विशेषणाला जोर देतं, दुसरं पिण्याची रीत सांगतं. ‘बट’ हे उभयान्वयी अव्यय दोन वाक्यं जोडतं. मराठीत ‘पटकन’ क्रियापदाच्या आधी आलं, इंग्रजीत ‘क्विकली’ शेवटी गेलं. ‘ड्रँक क्विकली इट’ मात्र चालत नाही.

बहुतेक क्रियाविशेषणं विशेषणाला ‘ली’ लावून होतात, पण ‘हार्ड’पाशी सावध राहा. ‘शी वर्क्स हार्ड’ म्हणजे ती खूप कष्ट करते. ‘शी हार्डली वर्क्स’ म्हणजे ती जवळजवळ कामच करत नाही! कौतुक करायला जावं आणि तक्रार व्हावी, अशी गत.

आता आपली नेहमीची चूक. मराठीत ‘जरी’ आला की मागोमाग ‘तरी’ येतोच: ‘जरी पाऊस होता, तरी आम्ही गेलो.’ त्या सवयीने आपण ‘ऑल्दो’नंतर ‘बट’ जोडतो. इंग्रजीत दोन्ही एकत्र चालत नाहीत. ‘ऑल्दो इट वॉज रेनिंग, वी वेंट’ म्हणा, किंवा ‘इट वॉज रेनिंग, बट वी वेंट’.

तेव्हा आज घरी ‘जरी-तरी’ची पाच वाक्यं इंग्रजीत करून पाहा, आणि प्रत्येकात जोडणारा शब्द एकच ठेवा.