निसर्ग पाहणारी दृष्टी
(संस्थेच्या वार्षिक समारंभात दिलेले व्याख्यान)



निसर्गाची छायाचित्रे काढणाऱ्या माणसाची दृष्टी वर्षांबरोबर कशी बदलत जाते, याविषयी मी चार शब्द बोलावेत अशी सूचना झाली. विषय वरवर छंदाचा वाटतो, परंतु मुळात तो शिक्षणाचाच आहे. वाचायला शिकावे लागते, तसे पाहायलाही शिकावे लागते.

नवशिक्याची पहिली हौस जवळ जाण्याची असते. पक्षी चित्रात जितका मोठा, तितके चित्र चांगले, असे त्याला वाटते. त्यात गैर काही नाही. चोच, पिसे, डोळा यांची ओळख तेव्हाच होते. मात्र या ओढीला लगाम हवा. घरट्यासमोरच्या डहाळ्या बाजूला केल्या की पिल्ले उन्हाला आणि कावळ्यांना उघडी पडतात. एके काळी घरट्याचे चित्र ही कौशल्याची परीक्षा मानली जाई. आज जाणकार छायाचित्रकार विणीच्या दिवसांत घरट्यापासून लांब राहतो. दोन पावले मागे सरणे, ही त्याची पहिली खरी प्रगती होय.

मेअखेर कर्जतहून कोंदिवड्यामार्गे राजमाचीकडे काजवे पाहायला जाणाऱ्यांनाही हेच लागू आहे. काजव्यांची लुकलुक ही नर-मादीची परस्परांना दिलेली खूण असते. आपल्या विजेरीच्या उजेडात ती खूण हरवते. शिवाय प्रकाशाने भरलेली जी चित्रे आपण पाहतो, ती बहुधा अनेक चित्रे एकावर एक जोडून केलेली असतात. डोळ्यांना एका क्षणी तेवढे काजवे दिसत नाहीत. चित्राखाली तसे लिहिणे हा प्रामाणिकपणा आहे.

दुसरी पायरी सबुरीची. येथे आपल्याच जिल्ह्यातले उदाहरण देतो. डॉ. सालिम अली यांचे नाव आपण सर्वांनी ऐकले आहे. लहानपणी त्यांनी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावरचा पिवळा ठिपका पाहून ते चौकशीसाठी मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले आणि तेथून त्यांच्या पक्षिअभ्यासाची सुरुवात झाली. पुढे जर्मनीहून परतल्यावर हाती नोकरी नव्हती. तेव्हा १९३० साली अलिबागजवळच्या किहीम येथे राहून त्यांनी सुगरण पक्ष्याच्या वसाहतीचे दिवसचे दिवस निरीक्षण केले.

बहिणाबाई चौधरींच्या कवितेमुळे सुगरण मराठी घराघरांत पोहोचली आहे. तिचे नाव स्त्रीलिंगी, पण विणकर मात्र नर! तो घरटे अर्धवट विणतो, मादी येऊन पारखते, पसंत पडले तरच तो ते पुरे करतो. मग दुसरे घरटे विणून दुसऱ्या मादीला बोलावतो. हे सारे सालिम अलींनी त्या निरीक्षणातून मांडले. घरट्याचे एकच चित्र काढून निघून जाणाऱ्याला यातले काय कळणार? आपल्याकडे भातखाचरांच्या कडेला, विहिरीवर झुकलेल्या झाडांवर ही घरटी लोंबतात. पावसाळाभर दर आठवड्याला त्याच झाडाकडे दुरून पाहणाऱ्याला एक संपूर्ण संसार दिसतो.

तिसरी पायरी सर्वांत अवघड. चौकटीत काय घेतले, एवढेच न पाहता काय वगळले, हे पाहणे. खालापूर तालुक्यातील इर्शाळगडाचा सुळका आणि त्याचे नेढे यांची छायाचित्रे अनेकांनी काढली. सुळका होताच तसा देखणा. पण त्याच डोंगराच्या उतारावर ठाकर बांधवांची वाडी होती. ती किती चित्रांत आली असेल? १९ जुलै २०२३ च्या रात्री अतिवृष्टीत दरड कोसळली आणि इर्शाळवाडी गाडली गेली. २७ मृतदेह हाती लागले, ५७ जणांचा शोध लागला नाही.

छायाचित्राने दरड थांबली असती, असे मी म्हणत नाही. परंतु डोंगर म्हणजे केवळ शिखर नव्हे. त्यावरची माती, ओहोळ, झाडे, गुरे आणि माणसे मिळून तो डोंगर होतो. हे कळले की छायाचित्रकार माणसाला चौकटीबाहेर ढकलत नाही. मग तो एकाच जागेवरून दरवर्षी तोच उतार टिपतो. झाडी कोठे विरळ झाली, ओढा कोठे वळला, बांधकाम कोठवर चढले, याचा पुरावा अशा तारीखवार चित्रांतून उभा राहतो. तो गावालाही उपयोगी पडतो.

पालकांना माझी विनंती, मुलाने महागडा कॅमेरा मागितला तर घाई करू नका. त्याच्या हाती आधी एक वही द्या. आणि विद्यार्थी मित्रांनो, उल्हास किंवा पाताळगंगेच्या काठचे, नाही तर शाळेच्या वाटेवरचे एक झाड निवडा. वर्षभर दर शुक्रवारी पाच मिनिटे त्याच्याजवळ थांबा. पालवी केव्हा फुटली, कोणता पक्षी आला, सावलीत कोण विसावले, ते तारखेसह लिहा. त्यानंतर साध्या मोबाइलनेही जे चित्र काढाल, त्यात नुसते झाड असणार नाही, तुमची समजही असेल.