मातीतला नत्र आणि हातपंपाचं पाणी

(तेल्हारा येथे कार्यकर्ते व मदतनीस यांच्या वार्षिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला दिलेला विषय आहे ‘स्वच्छ पाणी आणि आरोग्य’. मी डॉक्टर नाही. ३१ वर्षं ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं आणि निवृत्तीनंतर तुमच्यापैकी काहींच्या मागे मागे वस्त्यांवर जायला लागलो. तेव्हा मी बोलणार ते रसायनशास्त्रच. जेवण नुकतंच झालंय, डोळे मिटायची वेळ आहे हे मला दिसतंय. म्हणून सुरुवात स्वतःच्या चुकीपासून करतो.

सातपुड्याच्या पायथ्याशी, मेळघाटातून खाली उतरून आलेल्या कोरकू कुटुंबांची एक वस्ती आहे. तिथे पहिल्या वर्षी मी एकच धडा घरोघर सांगत फिरलो: पाणी उकळा, मग प्या. हगवण कमी झाली आणि मी खूश झालो. पुढच्या उन्हाळ्यात एका घरी गेलो. दोन महिन्यांचं बाळ होतं. आईला दूध पुरत नव्हतं, म्हणून आजी डब्यातली पावडर पाण्यात कालवून देत होती. पाणी हातपंपाचं, चांगलं खळखळून उकळलेलं. माझ्या पिशवीत नायट्रेट तपासायच्या पट्ट्या होत्या. सहज एक बुडवली. मिनिटभरात ती गडद गुलाबी झाली, डबीवरच्या ५० आणि १०० या दोन खुणांच्या मधला रंग. आपल्या देशात पिण्याच्या पाण्याची मर्यादा आहे लिटरला ४५ मिलिग्रॅम.

मी म्हणालो, “माय, हे पाणी बाळाला देऊ नका.” ती माझ्याकडे बघतच राहिली. “गुरुजी, तुमीच त सांगतलं होतं, पाणी उकयून द्या म्हून.”

खरंच होतं तिचं. सांगितलं होतं मीच. उकळल्याने जंतू मरतात, नायट्रेट मरत नाही, कारण ते जिवंत नाहीच. तो एक क्षार आहे. उलट लिटरभर पाण्यात ६० मिलिग्रॅम असेल आणि उकळताना पाव लिटर वाफ होऊन गेली, तर उरलेल्या पाऊण लिटरात ते ६० मिलिग्रॅम तसंच राहतं. म्हणजे लिटरला ८०. आजी जितकं मन लावून उकळत होती, तितकं ते पाणी बाळासाठी वाईट होत होतं. तुरटीने ते जात नाही, ब्लीचिंग पावडरने जात नाही, फडक्यातून गाळून तर नाहीच.

तान्ह्या बाळाच्या पोटात नायट्रेटचं नायट्राइट होतं आणि ते रक्तात शिरतं. रक्तातल्या हिमोग्लोबिनमध्ये लोह असतं. त्या लोहाचं रूप नायट्राइट बदलून टाकतं आणि मग ते प्राणवायू वाहून नेऊ शकत नाही. ओठ, नखं निळसर पडतात. १९४५ साली अमेरिकेतल्या आयोवा राज्यात डॉ. हंटर कॉम्ली यांनी हे पहिल्यांदा विहिरीच्या पाण्याशी जोडून दाखवलं. तिथेही शेतावरच्या विहिरी होत्या आणि बाटलीने दूध पिणारी मुलं. सहा महिन्यांच्या आतल्या मुलांना धोका जास्त. आईने असं पाणी प्यायलं तरी तिच्या दुधात नायट्रेट फारसं उतरत नाही, ही देवाची कृपाच. आमचं ते बाळ ठीक होतं. त्याच दिवशी शेजारच्या गावच्या नळाचं पाणी आणलं, आणि ते मात्र उकळून दिलं.

आता हे नायट्रेट आलं कुठून? इथून पुढे मी थोडा मास्तर होणार आहे.

आपण श्वास घेतो त्या हवेत १०० पैकी ७८ भाग नत्र आहे. कापसाच्या वावरावर टनांनी नत्र उभा असतो, आणि त्याखालचं पीक नत्रावाचून पिवळं पडतं. कारण हवेतल्या नत्राचे अणू दोन-दोनच्या जोडीने, तीन गाठी मारून बांधलेले असतात. ती गाठ झाडाला सुटत नाही. ती सोडवतात काही सूक्ष्म जीव. तूर, मूग, उडीद, हरभरा यांची मुळं उपटून बघा, बारीक गाठी दिसतील. ताजी गाठ नखाने फोडली तर आतून गुलाबी निघते. तो रंग ज्या द्रव्याचा, ते आपल्या हिमोग्लोबिनच्याच कुळातलं आहे, लोहासकट. माझ्या नोकरीच्या सगळ्या वर्षांत पोरांना सर्वात जास्त आवडलेला प्रयोग हाच, आणि त्याला खर्च शून्य.

कपाशीत तुरीची ओळ आपल्या आजोबांनी टाकली ती काही हॅबरचं पुस्तक वाचून नाही. फ्रिट्झ हॅबर या जर्मन शास्त्रज्ञाने १९०९ मध्ये प्रयोगशाळेत हवेतल्या नत्राची गाठ सोडवून अमोनिया करून दाखवला. १९१३ मध्ये त्याचा मोठा कारखाना सुरू झाला. आपल्या युरियाची पिशवी त्याच वाटेने आली. ४५ किलोच्या पिशवीत जवळजवळ २१ किलो नत्र असतो. त्यातला निम्म्याहून कमीच पिकाला लागतो. उरलेला काही हवेत उडतो, काही पाण्याबरोबर खाली जातो. पिकाकडे जातोय असं समजून आपण पैसे मोजतो ते या उरलेल्याचेही.

खाली का जातो, हे समजलं की आपल्या भागाचे दोन्ही प्रश्न एकाच चावीने उघडतात. काळ्या मातीच्या बारीक कणांवर ऋण भार असतो. धन भाराचं जे येईल त्याला ती धरून ठेवते. अमोनियम धन, त्याला धरते. नायट्रेट ऋण, त्याला ढकलते. शेणामुताचा अमोनिया जिवाणू आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. तोवर आलेला पाऊस त्याला सरळ भूजलात नेतो. जुन्या गोठ्याच्या भिंतीला पांढरं फुटतं ना, त्यात सोराही असतो. पूर्वी बंदुकीच्या दारूसाठी अशी गावठाणाची माती गोळा करून सोरा काढत. सोरा म्हणजे नायट्रेटच. आमच्या वस्तीत हातपंपापासून दहा पावलांवर बैलं बांधायची जागा होती आणि तिच्या वरच्या अंगाला उकिरडा. कोणी विष टाकलं नव्हतं.

दुसरा प्रश्न तेल्हाऱ्याच्या दक्षिणेकडच्या मंडळींना सांगायला नको. पायथ्याकडे, हिवरखेडच्या बाजूला गोड पाणी, संत्री, केळी. तिथून पूर्णेकडे उतरत गेलं की खारपाणपट्टा. अमरावती, अकोला, बुलढाणा मिळून आठशेहून जास्त गावं त्यात येतात. पूर्णेच्या खोल गाळात क्षार साठलेले, त्यात सोडियम फार. सोडियम धन भाराचा, म्हणून माती त्यालाही धरते. खाऱ्या विहिरीचं पाणी पिकाला दिलं की सोडियम मातीतल्या कॅल्शियमची जागा घेतो, कण एकमेकांपासून सुटतात आणि मातीची छिद्रं बुजतात. मग पावसात पाणी वर तुंबतं आणि उन्हात जमीन दगड होते. यावर जिप्सम टाकतात. त्यातल्या कॅल्शियमवर दुहेरी धन भार, तो सोडियमला हुसकावून लावतो. पण हुसकावलेला सोडियम वाहून न्यायला गोड पाणी आणि निचरा दोन्ही लागतात. म्हणून अकोल्याचं पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ इथे शेततळ्यात पावसाचं पाणी धरा म्हणतं. अलीशाने यरीहोच्या वाईट पाण्यात मीठ टाकून ते बरं केलं, हे आपण रविवारच्या शाळेत शिकलो. मी लहान असताना माझ्या आजोबांना विचारलं होतं, मग आपली विहीर अशी का? त्यांनी उत्तर दिलं नाही, बादली दिली आणि गोड विहिरीवर पाठवलं.

जंगलातून आलेल्या माणसांना हे सगळं आपल्यापेक्षा लवकर कळतं, असा माझा अनुभव आहे. सागाचं पान पडतं, कुजतं, पुन्हा झाडात जातं. नत्राचा हिशेब तिथल्या तिथे फिटतो. वावरात तो फिटत नाही. कापूस स्वतः जवळजवळ निव्वळ सेल्युलोज, म्हणजे कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन. तो विकला तर जमिनीचा नत्र फारसा जात नाही. नत्र जातो सरकीत. सरकीची ढेप होते, ढेप जनावर खातं, शेण पडतं. शेण वावरात परत गेलं तर चक्र पूर्ण झालं. त्याच्या गोवऱ्या झाल्या, किंवा पऱ्हाटी पेटवली, तर नत्र धुरात गेला आणि राखेत पालाश तेवढा उरला. अर्थात, ज्या घरी दुसरं जळण नाही तिथे जाऊन गोवऱ्या जाळू नका असं भाषण मी देत नाही. आधी चूल कशी पेटेल ते विचारावं.

स्फुरदाचं मी दोन वाक्यांत सांगतो. त्याचा हवेत साठा नाही, तो खडकातून येतो, आणि आपल्या देशात त्याचा बराचसा भाग बाहेरून आणावा लागतो. म्हणून बांधावरून वाहून गेलेली माती हे महाग नुकसान आहे.

वस्तीत पुढे काय झालं ते सांगून थांबतो. मी सगळ्यांना अंगणात बोलावलं आणि माझं चुकलं असं सांगितलं. उकळणं चूक नाही, पण कुठलं पाणी उकळायचं ते आधी बघायला हवं होतं. बायकांनीच ठरवलं: हातपंप धुण्याभांड्याला, पिण्याला वान धरणाच्या योजनेचं पाणी, आणि तान्ह्या बाळाच्या घरी आधी. नळाला पाणी येईल त्या दिवशी दोन हंडे त्या घरचे. पुरुषांनी उकिरडा उताराच्या खालच्या अंगाला नेला. बैलांची जागा हलवायला मात्र महिना लागला, कारण सावलीचं झाड एकच.

उकिरडा हलवून दोन पावसाळे झाले. दिवाळीनंतर मी पुन्हा पट्टी बुडवली. रंग अजून ५० च्या वरच आहे. जमिनीत मुरलेलं इतक्यात निघत नाही. आजीने पट्टी हातात घेतली, उन्हात धरली आणि म्हणाली, “अजून लालच हाय गुरुजी.” आता ती पट्टी तीच वाचते. शेजारच्या चार घरांचंही पाणी बघते, आणि मला निरोप पाठवते.

निमंत्रणात सांगितलं होतं त्याप्रमाणे ज्यांनी आपल्या गावच्या पाण्याची बाटली आणली आहे, त्यांनी चहाच्या वेळी दाराजवळच्या टेबलापाशी यावं. बाटलीवर गावाचं नाव आणि विहीर की हातपंप, एवढं लिहावं. घरात सहा महिन्यांच्या आतलं बाळ असेल त्यांनी रांगेत थांबू नये, सरळ पुढे यावं.