माती कुणी बिघडवली, सुधारायची कशी?

(जिल्हा बैठकीतील भाषण)



मातीचं प्रदूषण म्हटलं की कारखान्याचं सांडपाणी आठवतं. कोरडवाहू रानात कारखाना नाही. तिथं जे पडतं ते आपल्याच हातून पडतं. पण ते का पडतं, हे आधी समजून घ्या.

2010 साली सरकारनं खताचं अनुदान अन्नद्रव्यावर बांधलं, पण युरिया त्यातून वगळला. आज युरियाची 45 किलोची गोणी 266 रुपये 50 पैशांना, तर डीएपीची 50 किलोची 1350 ला. खिसा रिकामा असलेला माणूस कोणती उचलणार? पिकानं न घेतलेल्या नत्राचं नायट्रेट होतं, ते पावसाबरोबर विहिरीत उतरतं. पिण्याच्या पाण्यात ते लिटरमागे 45 मिलिग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही. तान्ह्या लेकराला त्याचा धोका सर्वांत मोठा.

औषधांचंही तसंच. एन्डोसल्फानवर 2011 साली बंदी आली. डीडीटी शेतीत 1989 पासून बंद, पण ते मातीत वर्षानुवर्षं टिकतं. बंदीच्या कागदानं जमिनीतलं विष निघत नाही. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं 20 हून अधिक माणसं गेली. पंपातून उडालेलं जे पानावर बसत नाही, ते अंगावर नाही तर मातीवर पडतं.

मग करायचं काय?

एक, पेरणीआधी माती तपासा. रानात 8-10 ठिकाणची वीतभर खोल माती मिसळून अर्धा किलो नमुना घ्या. बांध, उकिरडा आणि झाडाखालची जागा टाळा. अहवालाप्रमाणेच खत टाका.

दोन, दुकानदार सांगतो म्हणून फवारू नका. एकरी 2 कामगंध सापळे लावा. सलग 3 रात्री सापळ्यात बोंडअळीचे रोज 8 पतंग आले, तर औषधाचा विचार करा. सुरुवातीला 5 टक्के निंबोळी अर्क घ्या : 5 किलो निंबोळी, 100 लिटर पाणी.

तीन, पऱ्हाटी जाळू नका, बांधावर रचूही नका. गुलाबी बोंडअळी तिच्यात दडते. बारीक करून शेणाबरोबर खड्ड्यात कुजवा.

चार, कपाशीत तूर घ्या, पुढच्या साली त्या रानात ज्वारी.

हे आपल्या हातातलं. सरकारच्या हातातलंही मागायचं आहे : नत्र, स्फुरद, पालाश एकाच तराजूत तोला. चुकीच्या भावानं माती बिघडवायची आणि दोष शेतकऱ्याला द्यायचा, हे चालणार नाही.

पुढच्या बैठकीला प्रत्येकानं आपल्या मातीचा अहवाल घेऊन यावं. गावागावाचे अहवाल एकत्र मांडू आणि त्यांच्या जोरावर ही मागणी पुढं नेऊ.