तडा वेळीच सापडला पाहिजे

(तिलवारा, जबलपूर येथे रेल्वे व टपाल कामगारांच्या कुटुंब मेळाव्यात केलेले भाषण)



महागाई भत्ता, पेन्शन, रिकाम्या जागा यांवर आम्ही नेहमीच बोलतो. आज नर्मदामाईच्या काठी एका वेगळ्या प्रश्नावर बोलणार आहोत. हा प्रश्न गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरचा आहे. काही बंधू खाली मान घालतील, पण विषय बायकांचा असला तरी जबाबदारी सगळ्यांची आहे.

आमच्या शाखेतील एका ट्रॅकमन बंधूच्या पत्नीला वर्षभर अंगावरून पांढरे जात होते. पुढे पाळी बंद झाल्यावरही रक्त दिसू लागले. दोनदा ती दवाखान्यात गेली, दोन्ही वेळा न तपासता गोळ्या देऊन तिला परत पाठवले. मग तिनेही दुखणे अंगावर काढले. निदान झाले तेव्हा वेळ निघून गेली होती. तिच्या मयतीला आम्ही सगळे गेलो, फंडातून मदतही दिली. पण मनाला एक गोष्ट लागून राहिली. मयतीला पोचलेली युनियन तपासणीच्या वेळी कुठे होती?

बंधूंनो, रूळ तुटण्याची आपण वाट पाहत नाही. कीमन रोज आपली बीट चालतो, मशीन लावून आतला तडा शोधतात. हा कॅन्सरही एका दिवसात होत नाही. एचपीव्ही नावाचा विषाणू शरीरसंबंधातून येतो आणि बहुतेक वेळा आपोआप जातो. काहींच्या अंगात तो टिकतो, आणि मग कॅन्सर व्हायला बहुधा दहा-पंधरा वर्षे लागतात. एवढ्या काळात तडा सापडला तर छोट्या उपचाराने बाई वाचते. हा विषाणू नवऱ्याकडूनही येतो. तेव्हा बाईच्या चारित्र्यावर बोट ठेवणाऱ्याने आधी स्वतःकडे पाहावे.

बार्शी म्हटले की आम्हा रेल्वेवाल्यांना बार्शी लाइटची छोटी गाडी आठवते. त्याच बार्शीत नर्गिस दत्त स्मृती कॅन्सर रुग्णालय आहे. 1999 साली त्यांनी आणि मुंबईच्या टाटा रुग्णालयाने, जागतिक संस्थेच्या मदतीने, तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात काम सुरू केले. 30 ते 59 वयाच्या 1,31,746 बायकांचे गावांप्रमाणे चार गट केले. आठ वर्षांनी पाहिले तर तुलनेसाठी ठेवलेल्या गटात या कॅन्सरने 64 बायका गेल्या. ज्या गटाला एकदाच एचपीव्हीची तपासणी देऊ केली होती, तिथे 34 गेल्या. तुलनेच्या गटाला तपासणी मिळाली नाही, यावर पुढे टीका झाली. ती टीका आम्हाला रास्त वाटते. त्या 64 जणीही कष्टकऱ्यांच्याच घरच्या होत्या. त्यांच्या जिवावर मिळालेले ज्ञान कपाटात पडून राहिले तर तो दुसरा अन्याय होईल.

दुसरे उदाहरण मुंबईच्या झोपडपट्ट्यांतले. टाटा रुग्णालयाने 1998 पासून तिथल्याच, किमान दहावी शिकलेल्या बायकांना शिकवून तयार केले. त्या सिरक्यासारखे पातळ औषध लावून, मिनिटभर थांबून, पांढरा डाग उठतो का ते पाहत. दर दोन वर्षांनी, अशा चार फेऱ्या झाल्या. बारा वर्षांत या कॅन्सरचे मृत्यू 31 टक्क्यांनी कमी झाले. आम्ही स्वतः मॅट्रिक आहोत, म्हणून हे ऐकून आमची छाती फुगली. मोठा डॉक्टर नाही म्हणून काम अडत नाही. मात्र धाराशिवमध्ये हीच सिरक्याची तपासणी एकदाच केली, तेव्हा मृत्यूंत ठोस फरक दिसला नाही. म्हणजे फेरी चुकवून चालत नाही. बीट एकदा चालून कीमनचे काम संपते का?

सरकारने 2016 साली नियम केला आहे. 30 ते 65 वयाच्या बायकांची ही तपासणी दर पाच वर्षांनी, घराजवळच्या आरोग्य केंद्रात व्हावी. कागद चांगला आहे. पण 2019 ते 21 च्या सरकारी पाहणीत 30 ते 49 वयाच्या शंभर बायकांत दोघींचीही तपासणी झालेली नव्हती. देशात 2022 साली या कॅन्सरने सुमारे 80 हजार बायका गेल्या, असा अंदाज आहे. केंद्रात पडदा नाही, उजेड नाही, शिकलेली नर्स नाही, आणि बाईची त्या दिवसाची मजुरी बुडते. मग ती जाणार कशी?

म्हणून आमच्या मागण्या अशा:

एक, प्रत्येक रेल्वे हेल्थ युनिटमध्ये तपासणीचा ठरावीक दिवस आणि तपासायला बाईच असावी.

दोन, ठेक्यावरची सफाईवाली, ग्रामीण डाक सेवकाची घरची माणसे, यांच्याकडे रेल्वेचे कार्ड नाही म्हणून त्यांना दारातून परत पाठवू नये.

तीन, तपासणीच्या दिवशी मजुरी कापू नये.

चार, दोष सापडला तर उपचार होईपर्यंत तिचा पाठपुरावा व्हावा. नुसते नाव लिहून घेणे म्हणजे तपासणी नव्हे.

पण मागणी करून आपण सुटत नाही. टपालवाल्या बंधूंनो, तुम्हाला घरन् घर माहीत आहे, तपासणीचा दिवस तुम्ही सांगा. रेल्वेवाल्यांनो, त्या दिवशी चूल तुम्ही सांभाळा आणि बायकोबरोबर दवाखान्याच्या दारापर्यंत जा. भगिनींनो, काही त्रास नसला तरी जा. रक्त दिसले तर तपासणीच्या दिवसाची वाट पाहू नका, लगेच जा. गोळ्या देऊन परत पाठवले तर शाखेच्या कचेरीत या, आम्ही तुमच्याबरोबर येऊ.

पुढच्या मेळाव्यात हिशेब मांडू, वर्गणीचा आणि तपासणीचाही. एवढे बोलून आम्ही आपली रजा घेतो.

कामगार एकजुटीचा विजय असो!