वाचनाचे आवर्ती खाते
(विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



आम्ही बँकेत कारकुनी करणारी माणसे. दिवसभर आकडे वाचतो, सह्या वाचतो. पुस्तकाच्या वाट्याला उरलासुरला वेळ येतो आणि आता तोही मोबाईल घेऊन जातो. तुमच्यापैकी बहुतेकांचे असेच असेल.

आपल्या समाजाला पुस्तकांची हौस कमी नाही. ६ डिसेंबरला दादरच्या शिवाजी पार्कवर पुस्तकांचे स्टॉल पाहा. पोटाला चिमटा काढून माणसे ग्रंथ विकत घेतात. प्रश्न आहे तो त्यानंतरचा. ग्रंथ कपाटात जातो आणि जयंतीला भाषणापुरता बाहेर येतो. विद्यार्थ्यांचे वाचन परीक्षेला बांधलेले असते. नोकरी लागली की तेही सुटते.

बाबासाहेबांचे उदाहरण पाहा. शाळेत असताना परीक्षा उत्तीर्ण झाल्याबद्दल त्यांचा सत्कार झाला. त्या वेळी कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी आपण लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. परीक्षा होऊन गेली होती. त्या पुस्तकावर कोणी गुण देणार नव्हते. तरी त्याच वाचनाने आपल्याला बुद्धाकडे वळवले, असे बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवले आहे. नागपूरची दीक्षा १४ ऑक्टोबर १९५६ ची. मध्ये जवळजवळ अर्धे शतक गेले. वाचनाचे व्याज असे सावकाश, पण भरघोस मिळते.

बँकेत आवर्ती ठेव असते. रक्कम लहान, पण हप्ता चुकवायचा नाही. वाचनाचे तसेच खाते उघडावे, असे आम्ही ठरविले आहे. रोज १० पाने म्हणजे वर्षाला ३,६५० पाने. ३०० पानांची १२ पुस्तके सहज होतात. रोज वीस मिनिटे कोणाला जड नाहीत.

यंदा काय वाचायचे, तेही ठरविले आहे. पहिले, बाबासाहेबांचे रुपयाच्या प्रश्नावरील १९२३ चे पुस्तक. नोटा मोजणाऱ्या आमच्यासारख्यांनी रुपयाचा इतिहास जाणायला नको काय? पुस्तक अवघड आहे. दहाऐवजी चार पाने झाली तरी हप्ता भरला असे समजू. दुसरे, आपल्या स्त्रियांचे लेखन. बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ आणि उर्मिला पवार व मीनाक्षी मून यांचे ‘आम्हीही इतिहास घडवला’ घरात सर्वांनी वाचावे. चळवळीत आपल्या आया-आज्या होत्या, हे मुलींना कळले पाहिजे. तिसरे, आपल्या मताविरुद्ध लिहिलेले निदान एक पुस्तक. विरोधकाचे म्हणणे मुळातून वाचल्याशिवाय उत्तर देता येत नाही.

आणखी एक. आपल्या घरांत आजही अशी वडीलधारी माणसे आहेत, ज्यांनी मुलांना शिकविले पण स्वतःला अक्षर लाभले नाही. रोजच्या दहापैकी दोन पाने त्यांना मोठ्याने वाचून दाखवा. ऐकताना ती प्रश्न विचारतील, आठवणी सांगतील. त्या वहीत टिपून ठेवा. ते कोणत्याही ग्रंथालयात मिळणार नाही.

विद्यार्थी मित्रहो, गाईड वाचून नोकरी मिळेल, ती अवश्य मिळवा. पण अन्यायाच्या वेळी काय बोलावे, हे गाईडमध्ये छापलेले नसते. म्हणून खाते आजच उघडा. पहिला हप्ता, दहा पाने.

जयभीम!